जावईबापूंचा लाल दिवा

"ताई, जावईबापू रुसले बघा!" सुपरवायझर ओरडला.

जावईबापू म्हणजे आमच्या कारखान्यातला नवा कॉम्प्युटर. पोटाच्या औषधात घालतात ते चांगले जंतू आम्ही टाक्यांमध्ये वाढवतो. जुन्या बॅचेसचे सगळे आकडे शिकून आता तापमान, ढवळणं, आंबटपणा तो स्वतःच सांभाळतो. आणि त्याची सरबराई करायची आम्ही! म्हणून हे नाव मीच ठेवलं.

लहान टाकीतलं विरजण मोठ्या टाकीत सोडायची वेळ झाली होती, आणि पडद्यावर लाल दिवा, खाली अक्षरं : भलते जंतू शिरल्याची शक्यता. विरजण सोडू नये.

"शक्यता म्हणे! काल आला आणि मला शिकवतोय." मी टाकीच्या नळीशी नाक नेलं. बिघडलेल्या विरजणाला कुजकट वास मारतो. या नाकाने असली कितीतरी पकडलीत. आत्ता कसलीच घाण नव्हती.

"स्वच्छ आहे. सोडा."

"नक्की ना? सही माझी जाते."

"माझ्या नाकावर भरवसा नाही?"

त्याने कॉम्प्युटरचा हुकूम रद्द केला.

दुसऱ्या दिवशी लॅबने सांगितलं, मोठी टाकीसुद्धा नासली. साहेबांनी सुपरवायझरला केबिनमध्ये फैलावर घेतलं. बाहेर आल्यावर तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं!

घरी आले ती धुसफुसतच. मेल्या कॉम्प्युटरनेच काहीतरी केलं असणार, असं पुटपुटत गॅससमोर उभी होते, तेवढ्यात मुलगी आतून धावत आली.

"आई, अगं दूध करपलंय! घरभर वास सुटलाय, आणि तू इथेच उभी?"

मी गॅस बंद केला. पातेलं नाकाशी धरलं. काही नाही. लसूण चेचून पाहिला, फिनेलची बाटली उघडली. नुसतं पाणी. मध्यंतरी ताप येऊन गेला तेव्हापासून जेवणाला चव नव्हती, आणि मी रोज पोरीच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होते.

सकाळी नवं विरजण तयार होतं. पडद्यावर हिरवा दिवा. तरी सुपरवायझर माझ्याकडे आला.

"ताई, तेवढा वास घेऊन सांगा ना. झालं ते झालं. तुमच्याशिवाय माझं मन घेत नाही."

मी नळीकडे गेले नाही.

"जावईबापूंना विचारा," म्हटलं आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.