फेकलेल्या ताटल्या

अंड्याचा वास हाताला लागत नाही, नखांच्या मुळाशी लागतो. साबणाने जात नाही, स्पिरिटने जात नाही, लिंबू चोळलं तरी जात नाही. अकरा वर्षं रोज सकाळी सात दिवस उबवलेली अंडी फोडायची, आतला अंगठ्याच्या पेराएवढा जीव चिमट्याने बाहेर काढायचा आणि त्याच्या कण्याशेजारच्या नसांच्या गाठी वेचायच्या, हे जिचं काम, तिला प्रयोगशाळेत सगळे अंडीवालीच म्हणत. तिने स्वतः अंडं खाणं पहिल्याच आठवड्यात सोडलं होतं.

गाठ खसखशीच्या दाण्याएवढी. काचेच्या ताटलीत ठेवली की एका दिवसात तिच्यातून तंतू फुटतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला एक पंजा असतो, बोटं पसरून चाचपडणारा. आवडीचं रसायन समोर आलं की पंजा तिकडे वळतो आणि तंतू त्याच्यामागे वाढत जातो. नावडतं आलं की तापल्या तव्याला हात लागावा तसा मिटतो आणि दुसरी वाट धरतो. अंगातली प्रत्येक नस अशीच आपल्या जागी पोचलेली असते. कुणी बोलावलं म्हणून, आणि कुणी हाकललं म्हणून.

तिच्या सरांनी बोलावणारं एक प्रथिन शोधलं होतं. त्याला ते 'हाक' म्हणायचे. व्याख्यानात हे नाव फार खपायचं.

*

ताटली ९. सुईत हाक. तंतू उजवीकडे, सुईकडे वळला. ठेवा.

ताटली १०. सुईत हाक. तंतू सरळ गेला. मरगळलेला आहे. फेका.

ताटली ११. सुईत नुसतं मिठाचं पाणी. तंतू सरळ. ठेवा.

ताटली १२. सुईत नुसतं मिठाचं पाणी. तंतू उजवीकडे. फेका.

*

'ठेवा' आणि 'फेका' हे सर म्हणायचे. लिहायची ती.

"पाण्याकडे तंतू वळेलच कसा?" सर म्हणायचे. "सुईत जुनी हाक चिकटून राहिली असणार. बाळ, तुझी सुई अस्वच्छ आहे."

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला बाळ म्हणणारा हा माणूस पानं उलटताना बोट चाटायचा आणि तेच बोट तिच्या वहीवर टेकवायचा. दुपारी टेबलावर उकडलेली अंडी सोलायचा. टरफलं तंतूंच्या फोटोंवर पडायची. पिवळा बलक मिशीत अडकलेला असायचा आणि तो त्या मिशीतून निसर्गाच्या सौंदर्यावर बोलायचा. तिला शिसारी यायची, पण ती मूग गिळून बसायची. कारण सुई अस्वच्छ होती ना. म्हणजे हात तिचेच अस्वच्छ.

मग तिने सुया दोनदा धुतल्या. मग चारदा. मग काचेच्या नळ्या तापवून नव्या ओढल्या, उकळल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मिठाच्या पाण्याकडे तंतू वळायचे ते वळायचेच. चार वर्षांत असल्या अडतीस ताटल्या तिने पिवळ्या बादलीत ओतल्या, आणि दर वेळी घरी जाऊन कोपरापर्यंत हात घासले.

धाकटा भाऊ हसायचा. "ताई, हात धुतलेस का? मग वाढ."

*

भावाचं सांगायचं राहिलं.

तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. तीन वर्षांपूर्वी पातं खाली आलं आणि उजवा तळहात करंगळीच्या बाजूने मनगटाजवळ उघडा पडला. हात वाचला, नस तुटली. डॉक्टरांनी टोकं जोडली. तरी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेल्यासारखी झाली. शर्टाचं बटण तो तोंडाने लावायचा. कुणी बघितलं की म्हणायचा, "चव बघतोय."

सरांची हाक आता माणसांत जाणार होती. नस पुन्हा उघडायची, जोडाच्या पलीकडे निरोगी भाग लागेपर्यंत कापायची, मधे हाक मिसळलेलं जेल भरायचं, आणि तंतू त्या हाकेमागे बोटापर्यंत पोचतील अशी वाट बघायची. यादीत सहा रोगी. तिसरं नाव तिच्या भावाचं. तिनेच सरांच्या हातापाया पडून घालून घेतलं होतं. शस्त्रक्रिया येत्या सोमवारी.

*

आणि मग सूक्ष्मदर्शक हलवला.

कारण अगदी फालतू. छताला ओल आली. शेजारच्या खोलीत उजव्या बाजूला भिंत होती, म्हणून मिस्त्रीने सुई धरायची दांडी डावीकडे बसवली. जुन्या खोलीत डावीकडे गॅसची टाकी होती, म्हणून दांडी कायम उजवीकडे. त्यावर कुणी कधी विचार केला नव्हता. दाराची कडी कुठल्या बाजूला आहे यावर कोण विचार करतो?

गुरुवारी सकाळी तिने सुईत हाक भरली, डावीकडून तंतूच्या टोकाजवळ आणली, आणि डोळा लावून बसली. पंजा चाचपडत होता. पाच मिनिटं. वीस. चाळीस.

तंतू उजवीकडे वळला. हाकेकडे पाठ करून, निवांत, रोजच्यासारखा.

दुसरी ताटली. उजवीकडे.

तिसरीत मिठाचं पाणी. उजवीकडे.

चौथीत तिने सुई लावलीच नाही. नुसता तंतू, नुसती काच, नुसतं पाणी. त्याला बोलवायला कुणी नाही आणि हाकलायलाही नाही.

उजवीकडे.

ती जागेवरच बसून राहिली. काचेवर वाढताना या तंतूंना उजवीकडे वळायची खोडच होती, एवढाच काय तो शोध. चार वर्षं सुई त्यांच्या वाटेवर उभी होती. पाहुणा आपल्या घरी चालला होता, आणि रस्त्यात उभा राहून कुणीतरी म्हणत होतं, बघा, मी बोलावलं म्हणून आला.

आणि तिची सुई कधीच अस्वच्छ नव्हती. एकदाही नाही.

याचा आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. तिची नजर पिवळ्या बादलीकडे गेली. त्या अडतीस ताटल्या खरं बोलत होत्या, आणि आपण त्यांच्यावर बादलीचं झाकण लावून वर हात धुतले.

*

"डावीकडची दांडी बिघडलेली आहे," सर म्हणाले. अंडं अर्धं तोंडात होतं.

"दांडीशिवायही तेच होतंय, सर."

"मग अंडी बिघडलेली."

"अंडी चार वर्षं त्याच उबवणी केंद्रातली आहेत."

सरांनी बोट चाटलं, पान उलटलं. "बाळ, दांडी पुन्हा उजवीकडे लावून घे. भिंत फोडावी लागली तर फोड. मी सही करतो."

"फेकलेल्या ताटल्या मोजायला हव्यात. माझ्या वहीत आहेत सगळ्या."

आता सरांनी वर बघितलं. "तुझ्या भावाचं नाव यादीत तिसरं आहे ना? बाहेर किती जण उभे आहेत माहीत आहे? त्याचं बोट हलायला नको का तुला?" मग अगदी मायेने, बलकासकट हसून म्हणाले, "वही इथेच ठेवून जा."

अंगावर झुरळ चढावं तसं तिला झालं. हात आपोआप मागे आला, हातातल्या वहीसकट. विचार नंतर आला.

"वही धुवायला नेते," ती म्हणाली. "अस्वच्छ आहे."

*

भाऊ खिडकीपाशी चहा घेत बसला होता. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"म्हणजे हाक वगैरे काही नाहीच?"

"आहे की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आम्ही ते कधी तपासलंच नाही."

"चार वर्षं काय अंडी उबवत होतात?"

"हो."

तो हसला नाही. "डॉक्टरांना सांगू नकोस. मी करून घेतो. लागला तर मटका. नाहीतरी हे बोट काय कामाचं आहे?"

"कप कुठल्या हातात आहे तुझ्या?"

त्याने खाली बघितलं. उजव्या हातात होता, आणि करंगळी कपापासून लांब, ताठ उभी.

"ती अशी का धरलीस?"

"चटका बसतो." त्याने कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"महिनाभर झाला असेल. मुंग्या येतात. गरम-गार कळतं, बाकी काही नाही. म्हटलं एवढंसं काय सांगायचं, उगाच यादीतून नाव काढतील."

नस आपली आपण, कुणी न बोलावता, तीन वर्षं मिलिमीटर मिलिमीटर करत बोटापर्यंत आली होती. सोमवारी तीच कापून टाकणार होते.

"त्या ताटल्यांबद्दल सरांसमोर बोलायची तुझी हिंमत नव्हती म्हणून मी या यादीत आलो," भाऊ म्हणाला. तिच्याकडे न बघता. "आता हिंमत आली म्हणून मी बाहेर. माझं बोट आहे की तुझी ताटली?"

तिने वही पिशवीत घातली, सकाळी डॉक्टरांना दाखवायला.

*

सोमवारी शस्त्रक्रिया करणार होती ती हाताची डॉक्टरीण कमी बोलणारी होती. शुक्रवारी सकाळी तिने आधी भावाच्या करंगळीला कोमट चमचा लावला, मग थंड, डोळे मिटायला सांगून. दोन्ही वेळा त्याने बरोबर सांगितलं. मग तिने वही उघडली. पानं कोरड्या बोटाने उलटली. अंडीवालीने तेवढं मात्र पाहून घेतलं.

"मिठाच्या पाण्याच्या किती ताटल्या फेकल्या?"

"अडतीस."

"आणि ठेवल्या?"

"अकरा."

जेवताना पानात केस दिसावा तसा डॉक्टरिणीचा चेहरा झाला. "मला अकराच दाखवल्या होत्या. फेकल्या कुणी?"

सर म्हणाले होते. सरांनी सांगितलं होतं. ही दोन वाक्यं जिभेवर तयार होती, चार वर्षं घासून स्वच्छ केलेली.

"मी," ती म्हणाली.

डॉक्टरिणीने फोन उचलला आणि सहाही शस्त्रक्रिया थांबवायला सांगितल्या. वही परत दिली नाही. "ही लागेल. तुम्हीही लागाल. तुमच्या सरांना आवडणार नाही."

बाहेर बाकावर भाऊ बसला होता. तिने यंत्रातून दोन कप चहा आणला आणि एक त्याच्यापुढे धरला. त्याने उजव्या हाताने घेतला. करंगळी कपाला लागली आणि झटकन मागे आली.

"हात धुतलेस का?" त्याने विचारलं. नेहमीचंच वाक्य, पण हसू नव्हतं त्यात.

"धुतले."

"किती वेळा?"

तिने बोटं नाकाशी नेली. नखांच्या मुळाशी वास होताच. तो चहा प्यायला लागला, करंगळी लांब धरून.