एक क्रायटेरियन, अनेक क्रायटेरिया

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पाठीचा पुठ्ठा सुटलाय, शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. पण आज माझ्या म्हातारपणाचं रडगाणं गात नाही. हेमांगीचं काय झालं, ते सांगतो.

धुळ्याला देवपुरात नवलसर इंग्रजी शिकवत. मी त्यांच्या टेबलावर असे. पोरं 'क्रायटेरियाज' म्हणाली की सर मला उघडत.

"हा शब्द ग्रीकांकडचा. न्याय करणाऱ्याला ते जे म्हणत, त्याच कुळातला. अर्थ निकष, कसोटी. इंग्रजीच्या घरी नांदायला आला, पण अनेकवचन माहेरचंच ठेवलं. एक क्रायटेरियन, अनेक क्रायटेरिया. शेवटी 'एस' लावाल तर याद राखा!"

पोरं हसत. हेमांगी मन लावून ऐके. ती बी.एड. झाली, तेव्हा सरांनी मला तिच्या हाती दिलं.

पुढं जळगावच्या एका खासगी शाळेत जागा निघाली. निवड समितीत बाहेरचे तज्ज्ञ म्हणून नवलसरही होते. हेमांगी हुरूपानं पाठ घ्यायला उभी राहिली. फळ्यावर तिनं तोच शब्द लिहिला, एकवचन आणि अनेकवचन.

"चुकलं," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "एक क्रायटेरिया, अनेक क्रायटेरियाज. आमच्या माहितीपत्रकात तसंच छापलंय. काय हो सर?"

हेमांगीनं मला उघडून सरांपुढं ठेवलं. सरांचं बोट त्या ओळीवर आलं आणि थांबलं. बोटाला घाम होता. मग त्यांनी मला मिटलं.

"अध्यक्ष म्हणतात ते बरोबर आहे."

मित्रांनो, माझ्या पोटात हजारो शब्द, पण मला एकही उच्चारता येत नाही.

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. घरी तिची आई, झुंबरबाई, अहिराणीत म्हणाली, "तुनं बरोबर शे, मंग रडस कसाले?"

"माय, सरसले माहीत व्हतं," हेमांगी म्हणाली.

दिवाळीत सर घरी आले. त्यांची सून त्याच संस्थेत होती, कायम व्हायची होती. एवढं सांगून ते पुटपुटले, "तुझंच बरोबर होतं गं."

"ते मला ठाऊक आहे, सर. तिथं सांगायचं होतं." असं म्हणून तिनं मला त्यांच्या पिशवीत घातलं.

आता मी सरांच्या कपाटात, काचेआड असतो. सर माझ्यावरची धूळ पुसतात, उघडत मात्र नाहीत. मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, पानं दुमडू नका, असं मी सांगायला हवं. पण खुशाल दुमडा. फाटेपर्यंत वापरा. फक्त आत वाचलेलं चारचौघांत नाकारणार असाल, तर मला हात लावू नका.