वीस तोळे तूप

घाटकोपरच्या मैदानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पोरांना कडेवर घेऊन लांबलांबून चालत आल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे एका मोठ्या तराजूवर खिळले होते. एका पारड्यात तेजोनाथ महाराज मांडी घालून बसलेले, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. एकवीस दिवसांपूर्वी, व्रताला बसताना, मोजून ठेवलेल्या याच ढेपांशी त्यांची तुला झाली होती. त्यानंतर महाराज कुलूपबंद खोलीत होते. अन्नाचा कण पोटात गेला नव्हता, पाणी आणि सूर्यप्रकाश यांवर ते जगत होते, असं सांगितलं जात होतं. तराजू डुलला आणि दोन्ही पारडी समोरासमोर येऊन थांबली. वजन जराही घटलं नव्हतं. लोकांनी जयजयकार केला.

“वडाचं झाड वरणभात खातं का?” महाराज पारड्यातूनच म्हणाले. “तीनशे वर्षं जगतं, कुणाच्या पंगतीला जातं? अन्न ही सवय आहे, विडीसारखी. सोडली की सुटते.”

लोक हसले, माना डोलल्या. वडाला हिरवी पानं असतात आणि महाराजांना ती नव्हती, हे मला सुचलं. पण मी बोलले नाही. असल्या थोतांडाला काय उत्तर द्यायचं, असा तेव्हा माझा तोरा होता.

हे १९५२ सालचं. कामकरी लोक काय खातात याची पाहणी चालली होती आणि मी तिच्यात नोकरीला होते. चाळीचाळीतून वजनकाटा घेऊन जायचं, माणसाचं वजन, वय, काम लिहायचं, आणि त्याच्या शरीराला दिवसाला किती उष्मांक लागतात ते काढायचं. उष्मांक म्हणजे शरीर अन्न जाळून जी उष्णता मिळवतं तिचं माप. नुसतं पडून राहिलं तरी काही जळतंच. काम जितकं अंगमेहनतीचं, तितकं जास्त.

त्या गर्दीत माझ्या शेजारी शेवंती उभी होती. मैदानामागच्या चाळीत राहायची. नवरा दशरथ साकीनाक्याला एका कारखान्यात घण मारायचा, ती चार घरची धुणीभांडी करायची, पदरात तीन मुलं. माणसं मालवणाकडची. दोन महिन्यांपूर्वी तिच्या घरी मी हिशेब मांडला होता. दशरथला अठ्ठावीसशे उष्मांक हवेत, तिला एकोणीसशे, तिन्ही मुलांना मिळून चार हजार, एकूण आठ हजार सातशे. मग घरात शिजणाऱ्या अन्नाचं मोजमाप केलं. रेशन कमी झालेलं. ते सहा हजार आठशेच्या वर जाईना.

शेवंती माझ्याकडे बघत राहिली होती. शाळेत गेलेली नव्हती, पण वजाबाकी तिला माझ्याआधी झाली.

“म्हणजे माज्या एकटीचा कमी पडता,” ती म्हणाली होती.

तसं नसतं, सगळ्यांना थोडं थोडं कमी पडतं, असं मी सांगितलं, आकडा रकान्यात भरला आणि पुढच्या खोलीत गेले.

आता तुलेच्या दिवशी तिची गालफडं बसलेली दिसली. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की गेले सोळा दिवस तीही सूर्य पीत होती. सकाळी उगवतीकडे तोंड करून उभी राहायची, दिवसभर पाण्यावर काढायची. घरी सांगायची, कामावरच्या बाईंनी जेवू घातलं. पोरांच्या ताटात आता पुरेसं पडत होतं. मी तिला खूप समजावलं. हे खोटं आहे, जीव जाईल म्हटलं. तिने शांतपणे तराजूकडे बोट केलं.

“त्यांचा वजन उतरूक नाय. माजा उतरता. माजी भक्ती कमी पडता, बाई.”

मी तिला दोन केळी घेऊन दिली. तिने ती पदरात बांधली. कोणी खाल्ली असतील ते मला ठाऊक आहे. त्याच दिवशी दशरथला गाठून सांगायला हवं होतं. संध्याकाळची पाळी संपेपर्यंत थांबायचा मला कंटाळा आला, उद्या सांगू म्हटलं. उद्या मुलुंडच्या चाळी होत्या, परवा भांडुपच्या.

पाचव्या दिवशी शेवंती नळावर हंडा उचलताना पडली. इस्पितळात नेली, पण शुद्धीवर न येताच गेली. मी गेले तेव्हा धाकटी मुलगी दशरथच्या मांडीवर झोपली होती. तो मला म्हणाला, ती जेवते असं मला वाटायचं, मी कधी विचारलंच नाही. त्याने विचारलं नव्हतं हे खरं, पण मला तर माहीत होतं.

तोरा तिथेच गळून पडला. घरी येऊन मी महाराजांचा हिशेब मांडला. एकशे वीस पौंडांचा माणूस, दिवसभर बसून. पंधराशे-सोळाशे उष्मांक तरी जाळणारच. खाल्लं नाही तर एकवीस दिवसांत निदान नऊ-दहा पौंड उतरणारच. उतरले नाहीत, म्हणजे दिवसाला तेवढं अन्न पोटात जात होतं. लोक ज्याला चमत्काराचा पुरावा म्हणत होते, तोच खाण्याचा पुरावा होता. प्रश्न एवढाच, की ते येत होतं कुठून?

तुलेनंतर महाराज पुन्हा त्याच खोलीत व्रताला बसले होते. खोलीची किल्ली मैदानाचे मालक चंद्रप्रकाशशेठ यांच्याकडे असे. भाविक, पण सरळ माणूस. मी त्यांना विचारलं, आत काय काय जातं? पाण्याचा तांब्या, आणि नंदादीपासाठी रोज वीस तोळे तूप. खिडकीतून तो दिवा सगळ्यांना दिसायचा. ध्यानाच्या वेळी मात्र पडदा ओढलेला असे.

मी म्हटलं, तुमच्याच देवघरात तसाच दिवा, तशीच वात, चोवीस तास लावून बघू या. शेठनी स्वतःच्या हाताने तूप मोजून घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. पाच तोळे जळलं होतं. उरलेल्या पंधरा तोळ्यांचे उष्मांक मी कागदावर काढून दाखवले. पंधराशे पंचाहत्तर.

त्या दिवसापासून शेठनी आत पाचच तोळे तूप पाठवलं. दिवा पूर्वीसारखाच जळत राहिला. महाराज मात्र चौथ्या दिवशी भर दुपारी पडदा बाजूला सारून ओरडू लागले, की तूप कमी पडतंय, सूर्यदेव कोपेल, चाळीत रोगराई येईल. माणसं घाबरून गोळा झाली. शेठ खिडकीपाशी गेले.

“दिवा तर नीट जळतोय, महाराज,” ते म्हणाले. “मग कमी कुणाला पडतंय?”

शेठनी कुलूप काढलं. दिव्यामागे, आसनाच्या घडीत, तुपाने माखलेली नारळाची करवंटी सापडली. तराजू आणून तिथेच वजन केलं. चार दिवसांत पाच पौंड उतरले होते; उपासाच्या सुरुवातीला अंगातलं पाणीही जातं. मी लोकांना सगळा हिशेब सांगितला, दिव्याचा आणि देहाचा. काहींनी दगड उचलले. दशरथने त्यांना अडवलं आणि तो महाराजांसमोर जाऊन उभा राहिला.

“तिका सांगूचा होता, तुमी तूप खातास म्हणून,” तो म्हणाला. “तिना भाकरी खाल्ल्यान असती.”

महाराज रडायला लागले. पोलिसांनी त्यांना नेलं. मागाहून कळलं की वर्षभरात ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने बसले होते.

म्हणून हे लिहिते आहे. न खाता जगतो असं कोणी म्हणालं, तर त्याला नमस्कार करण्याआधी तो काय जाळतो ते विचारा. तराजू घ्या, तूप मोजा, पडद्यामागे बघा. यात देवाचा अपमान नाही. आणि ज्यांना हिशेब येतो त्यांनी माझ्यासारखं गर्दीत गप्प उभं राहू नये. तो मोठ्याने सांगावा, त्याच दिवशी सांगावा. घरातली बाई भूक नाही म्हणाली, तर तिला आपल्यासोबत पानावर बसवा आणि ती जेवेपर्यंत उठू नका.