गुळव्याचा लाकडी हात

मी एक जुना लाकडी हात आहे. उजवा. माझ्या करंगळीचं टोक उडालं आहे, मनगटावरचा रंग गेला आहे आणि अंगाला गुळाचा वास कायमचा चिकटला आहे. मुंग्या सदा माझ्या मागावर असतात. पण मित्रांनो, मुंग्या लागतात त्यात काहीतरी गोड असतंच, असं मी स्वतःला समजावतो.

माझा जन्म मिरजेचा. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल, दिवाळीच्या आधीचे दिवस. तिथं एका दवाखान्यामागच्या छोट्या कारखान्यात नाथाजी सुतार कृत्रिम हातपाय बनवत. ज्या ओंडक्यातून त्यांनी मला कोरलं, त्याचा मोठा भाग शेजारच्या गल्लीत तंबोऱ्यांसाठी गेला होता. माझी सख्खी भावंडं मैफलीत बसणार आणि मी कुठं जाणार, या काळजीनं मी सुकत होतो. लाकडानं सुकणं चांगलंच, म्हणून नाथाजी खूश होते. त्यांनी मला पाच बोटं दिली, कोपराखाली चढवायला चामड्याची नळी दिली, आत स्प्रिंग बसवली आणि खांद्यावरच्या पट्ट्यापर्यंत एक पोलादी तार नेली. खांदा पुढं केला की तार ताणायची आणि माझा अंगठा नि दोन बोटं उघडायची. खांदा सैल सोडला की मिटायची. शेवटी त्यांनी माझ्या चिमटीत एक पिकलेला पेरू दिला. पेरू फुटला नाही आणि पडलाही नाही. "जा, पोटापाण्याला लाग," नाथाजी म्हणाले.

मला न्यायला आला जोतीराम, पलूसजवळच्या एका गावचा गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळून त्याचा गूळ करणारा जाणता माणूस म्हणजे गुळव्या. काहील कधी उतरवायची हे तो घड्याळात बघत नाही. पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, त्याची गोळी बोटांत चोळतो आणि सांगतो. जोतीरामची सगळी विद्या उजव्या हाताच्या बोटांत होती. आदल्या हंगामात एक दिवस चरकात ऊस घालणारा गडी आला नाही, म्हणून जोतीराम स्वतः उभा राहिला. सदऱ्याची बाही उसाबरोबर आत ओढली गेली. इंजिन बंद होईपर्यंत हात गेला होता. मग गुऱ्हाळाचे मालक हंबीरराव यांनी दुसरा गुळव्या ठेवला आणि जोतीराम घरी बसला.

मी घरी आलो तेव्हा सगळी आळी मला बघायला लोटली. नवी नवरी आल्यासारखं मला वाटलं. जोतीरामला मात्र लाज वाटली. तो मला हात म्हणायचाच नाही. "ती वस्तू आण," असं तो बायकोला, हरणाबाईला, सांगायचा. काम झालं की "ती वस्तू ठेव" म्हणायचा. मी खुंटीवर लटकायचो. मला फार काही नको होतं. या माणसानं एकदा तरी मला हात म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

हरणाबाई खट होती. ती मुद्दाम त्याच्यापुढं बटाटे टाकायची. "धरा की आवं, मी सोलती," म्हणायची. पहिले चार बटाटे माझ्या चिमटीतून उडाले, त्यातला एक शेजारच्या म्हशीनं खाल्ला. पाचवा मी धरला. पुढं बादली धरली, कासरा धरला, सायकलची मूठ धरली. खोटं कशाला बोलू, पातेलं उचलताना मी दोनदा दगा दिला आणि कालवण सांडलं. त्या दिवशी मी खुंटीवर उपाशीच राहिलो, म्हणजे तेलाचं बोट काही माझ्या स्प्रिंगला लागलं नाही.

एकदा पलूसहून येताना एस.टी.त त्यानं माझ्याकडून वरची दांडी धरली. गाव आलं आणि माझी स्प्रिंग अडकली. बोटं काही उघडेनात. मागं उतरणाऱ्यांची रांग लागली, लोक हसू लागले. जोतीराम पट्टा सदऱ्यावरूनच बांधायचा. त्यानं डाव्या हातानं बक्कल सोडलं, कोपर नळीतून काढलं आणि तो सरळ खाली उतरला. मी दांडीला तसाच.

"आवं पावणं, हात ऱ्हायला की तुमचा," कंडक्टर ओरडला.

"ऱ्हाऊ द्या ती वस्तू," जोतीराम वळून न बघता म्हणाला.

मी सांगलीपर्यंत लोंबकळत गेलो. माझ्याखालच्या सीटवर कुणी बसेना. मला रडू येत होतं, पण कंडक्टरनं मला हात म्हटलं होतं, तेवढाच आधार. स्टँडवर एका मिस्त्रीनं तेल सोडून माझी बोटं मोकळी केली आणि परतीच्या गाडीत कंडक्टरनं मला आपल्या शेजारी बसवलं. गावच्या थांब्यावर गाडी थांबली तर जोतीराम तिथंच उभा. दुपारपासून हलला नव्हता. घरी हरणाबाईला म्हणाला, "पट्टा नवा हुता, म्हून थांबलो." तिनं हसू पदराआड लपवलं. मीही कुणाला काही बोललो नाही.

माघात हंबीरराव घरी आले. नव्या गुळव्याचा गूळ काळा पडत होता, ढेपा बसत नव्हत्या. "गड्या, नुसतं येऊन बघ तरी," ते म्हणाले. जोतीराम गेला. लांब दांड्याचा झारा त्यानं माझ्या चिमटीत दिला आणि पाकाची गोळी डाव्या हातानं चोळली. डाव्याला काहीच कळेना. मी मनातल्या मनात त्याची थट्टा केली. पहिली काहील कच्ची उतरली, दुसरी करपली. तिसऱ्या दिवशी डाव्याच्या बोटांना ती गोळी ओळखता आली, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटला. उकळता पाक माझ्या पंजावर उडाला तेव्हा गडी धावले. जोतीराम गदागदा हसत सुटला. "आरं, हिला चटका बसत न्हाई. लय गुणाची वस्तू हाय," तो म्हणाला. गुणाची झालो, पण वस्तूच राहिलो. त्या हंगामाचा गूळ केशरासारखा पिवळा निघाला आणि हंबीररावांनी पुढच्या हंगामाला जोतीरामच गुळव्या, असं सांगून टाकलं.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उचलत नाही. त्याला विसावा असतो. हरणाबाईनं सारवलेल्या जमिनीवर कोयते, खुरपी, फाळ, झारा मांडला आणि मायेनं मलाही मधोमध ठेवलं. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. मी असा फुगलो की कोयत्याकडे बघायलाही तयार नव्हतो.

तेवढ्यात हंबीरराव दारात आले. "जोतीराम, चल. गुऱ्हाळावर चरकाची पूजा हाय. यंदा ती तूच करायची. गुळव्या तू हाईस."

ज्यानं हात घेतला त्याची पूजा, आणि कुंकू लावायचं तर उजव्या हातानं. जोतीरामनं मोकळ्या बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तो वाकून मला उचलू लागला तशी हरणाबाई मधे आली.

"आवं, पुजल्यालं हत्यार आज उचलायचं नसतंय."

"हत्यार न्हवं ते, हरणे," जोतीराम म्हणाला. "हात हाय माजा. हाताला कुठला इसावा?"

मित्रांनो, झेंडूचं फूल खाली पडलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. हरणाबाईनं डोळे पुसत स्वतः बक्कल लावलं.

गुऱ्हाळावर चरक थंड उभा होता. माझ्या आधीचा हात यानंच गिळला होता, मी लाकडाचा असून घाबरलो. माझी अनामिका हलत नाही, पण जोतीरामचा खांदा आणि कोपर हललं. मी चरकाच्या कपाळी कुंकू लावलं. थोडं वाकडं लागलं. जोतीरामनं नारळ फोडला. हंबीररावांनी प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा उचलला. आजवर लोक जोतीरामच्या डाव्या हातावर काही ठेवत, नाहीतर हरणाबाईकडे देत. जोतीरामनं मला पुढं केलं. हंबीररावांनी क्षणभरही न थांबता तो तुकडा माझ्या तळव्यावर ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना रोज कोरड्या फडक्यानं पुसा, स्प्रिंगला तेल द्या, पावसात भिजवू नका. एवढं केलंत तर आम्ही जन्मभर साथ देतो. आणि कधी कुणी लाकडाचा हात तुमच्यापुढं केला, तर त्याच्या डाव्या हाताकडे वळू नका. जे द्यायचं असेल ते त्याच हातावर ठेवा.