मेणाचं जेवण

जलद इन्सुलिन जेवणाची वाट बघत बसत नाही. साखर मिळाली तर साखर खातं, नाहीतर माणूस.

त्या दुपारी मी टोचलं, डबा उघडला आणि भातात चमचा घातला. चमचा टणकन वाजला. भात मेणाचा होता.

दुकानांच्या काचेत मांडायचं खोटं जेवण बनवणं हा आमचा धंदा. जेवणाचे डबे विकणाऱ्या एका शेठची ऑर्डर होती: भरलेला डबा. माझा डबाही त्यांच्याच दुकानातला, तसाच. बाबा घाईत माझा घेऊन गेले होते आणि सवयीने शटरला बाहेरून कुलूप. उघडं ठेवलं तर गिऱ्हाईक आत शिरून माल चावून बघतं.

"बाबा, माझं जेवण तुमच्याकडे आहे," मी फोनवर म्हणालो.

"तरीच. शेठ म्हणतायत, वाससुद्धा हुबेहूब."

"मी इन्सुलिन घेतलंय."

"निघालो," म्हणत त्यांनी फोन ठेवलाच.

चारी बाजूंना फळं, पाव, केक, आणि खायला शून्य. साखरेचा कणही नाही. माझा आजार निघाला तेव्हा बाबांनीही गोड सोडलं होतं. "पोरगं खात नाही, माझ्या घशाखाली कसं उतरेल?" हे ऐकून पाहुणे डोळे पुसायचे.

शर्ट घामाने भिजला. शटर बडवलं, तर बाहेरून कोणीतरी समजुतीने म्हणालं, "बंद आहे. उद्या या."

उद्यापर्यंत मी नसणार होतो. संत्र्याला चावलो. मेण. द्राक्षं. मेण. मग पाय गेले आणि मी जमिनीवर बसलो. खिशात फोन वाजत होता, पण बोटं माझं ऐकेनात. डोळ्यांपुढे काजवे आले, काजव्यांमागून मुंग्या.

मुंग्या खऱ्या होत्या. रांगेने निघाल्या होत्या बाबांच्या लाडक्या, न विकायच्या केककडे. मुंग्या आमच्या मालाला कधीच फसत नाहीत. मी रांगत मागे गेलो. केकचा वरचा थर झाकणासारखा निघाला. आत लिंबाच्या गोळ्या, गच्च.

पहिली कागदासकट चावली. तिसरीला मुंग्या होत्या. पाचवीनंतर फोन वाचता आला. बाबांचा मेसेज होता: केकमध्ये बघ. आईला सांगू नकोस.

शटर वर गेलं. बाबा पांढरेफटक. माझ्याकडे, मग कागदांकडे बघून म्हणाले, "त्या नमुन्याच्या होत्या."

"चव मात्र हुबेहूब."

ते माझा डबा उघडायला लागले. झाकण उलट्याच बाजूने ओढत होते, म्हणून मीच उघडला.

भात थोडा कमी होता. शेठनी चावून बघितला होता.