मांडवासाठी हलवलेला लेथ

"ही माप ओलांडून आत आली नि त्याच आठवड्यात मशीन बिघडलं. आता तूच सांग गो सोनूबाय, काय समजायचं मी?"

पडवीत वाल सोलता सोलता कमळाबाई शेजारणीला म्हणाल्या. त्यांची नवी सून शमिका दाराआड चहाचे कप घेऊन उभी होती, हे त्या दोघींना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी लाकूड कातायचा लेथ, तिथेच भिंतीला लागून उभा असतो. लोखंडाचा आहे म्हणून मला राग येत नाही, असं कोणी समजू नये.

मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. कमळाबाईंचे यजमान काशीराम मुंबईची नोकरी सोडून गावी आले, तेव्हा त्यांनी मला टेम्पोतून घरी आणलं. पाणसळ लावून पातळी बघितली, चारही पाय नीट टेकवून बसवलं. फणसाच्या, शिवणीच्या लाकडाची किती लाटणी नि रव्या मी कातल्या! कधी कुरकुरलो नाही.

मग निलेशचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. पडवीत पंगती बसवायच्या म्हणून भावकीतल्या पोरांनी मला उचलून मांडवाबाहेर ठेवलं. उचललं कुठे धरून? मोटरला! बैलाला शेपटीने उचलावं तसं. लग्नानंतर परत आणलं तेव्हा पाणसळ कोणी शोधलीसुद्धा नाही. "बसला, बसला," म्हणाले नि विडे खायला गेले. बसला काय, कपाळ! जागा थोडी सरकली होती, आणि तिथे पडवीची जमीन उतरती. तीन पाय टेकले, चौथा अधांतरी.

त्याच आठवड्यात गणपतीच्या मखराचे खांब कातायला घेतले आणि मी थरथरू लागलो. खांबांवर चरे उठू लागले. निलेशने पट्टा बदलला. काशीरामांनी लाकूड ओलं ठरवलं. मग बेअरिंगवर खापर. तेही खोललं, तेल पाजून पुन्हा बसवलं. वाकून कोणी खाली पाहिलं असेल तर शपथ! दोन शहाण्या पुरुषांची कंबर तेवढी वाकत नाही, म्हणून दोष शेवटी कोणावर गेला, ते तुम्ही ऐकलंतच.

देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आणि मखरांचं काम उरकेपर्यंत शमिकाला मालगुंडला, माहेरी पाठवायचं. "चार दिवस जाऊन ये गो बाय, आईला बरं वाटेल," कमळाबाई साखर घोळून म्हणाल्या. निलेश माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे काय बघतोस? बायकोकडे बघ! असली पाठवणी झाली की बाईच्या नावाला लागलेला डाग मशीन सुधारलं तरी जात नाही. उलट म्हणतात, बघा, ती गेली नि मशीन चालू झालं.

इथे आल्यापासून शमिका कमीच बोलते, बघते मात्र सगळं; पोरांनी मला मोटरला धरून परत आणलं, तेही तिने दारातून बघितलं होतं. दुपारी घर आडवं झालं तशी ती माझ्यापाशी आली. पट्टा उतरवून नुसती मोटर चालवली. मोटर गुमान फिरली. पट्टा चढवून लाकडाशिवाय फिरवलं. मी किंचित गुरगुरलो. खांब लावला, आणि मी अंगभर हललो. तिने बंद केलं. आतून लग्नाची उरलेली पत्रिका आणली, उकिडवी बसली नि माझ्या एकेका पायाखाली सारून पाहिली. तीन ठिकाणी अडली. चौथ्या पायाखालून अख्खी पत्रिका, सोनेरी अक्षरांसकट, आरपार गेली. ती एकटीच हसली. मग मान वर केली नि ते हसू मावळलं.

माझ्या आवाजाने सगळे जागे होऊन पडवीत आले होते.

"अगो, हात जाईल! तुला काय कळतंय त्यातलं?" काशीराम ओरडले.

"बॅग भरलीस का?" कमळाबाईंनी विचारलं.

बोल गो बाय, मी मनात म्हटलं. मला तोंड असतं तर केव्हाच बोललो असतो.

ती उठली, हात पदराला पुसले.

"नाही भरली, आई. मी कुठे जात नाही. घालवायचं तर भावकीतल्या पोरांना घालवा, मशीन वाकडं त्यांनी ठेवलंय. बाबा, या चौथ्या पायाखाली घालायला एक पाचर आणा. आणि अहो, तुम्ही बघत काय उभे राहिलात? इकडे या. खालून धरा. मोटरला हात लावायचा नाही."