पॉलिसीतली भाची

सगळ्या संसारात शशींनी बायकोसाठी, वीणासाठी, कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. आणि हॉस्पिटलच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर हाच माणूस रविवारी सकाळी तर्री-पोहे करू लागला, तेही कुणासाठी, तर वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या स्वरालीसाठी. नागपूरची पोरगी, इथे विलायतेत वॉटफर्डमध्ये नोकरी, जेवण घरातच. वीणाचं पोट दुखायचं ते इथेच. बरं, पोरगी आगाऊ असती तर सोपं गेलं असतं. ती आपणहून भांडी घासायची, काकू काकू करायची आणि शशींच्या हॉस्पिटलच्या त्याच त्या गोष्टींना पोट धरून हसायची. वीणाला त्या सगळ्या पाठ होत्या. पाठ झालेल्या गोष्टीला हसणार तरी कसं?

घराच्या इन्शुरन्सचं रिन्यूअल आलं. शशींनी स्पीकरवर फोन लावला. घरात कोण कोण राहतं, असं कंपनीच्या बाईने विचारताच त्यांनी बिनदिक्कत सांगितलं, मी, माझी मिसेस आणि आमची भाची.

वीणाच्या अंगाचा तिळपापड झाला. खोली दिली की भाडेकरूला भाचा-भाची म्हणायचं, ही इथल्या मराठी मंडळातली जुनी रीत होती. पण मंडळात म्हणणं वेगळं आणि इन्शुरन्सवाल्यांना सांगणं वेगळं.

"अहो, भाडं देणारी भाची असते का? उद्या काही झालं तर क्लेम नाकारतील."

"अगं, घरातली पोर आहे. लॉजर काय म्हणायचं तिला?"

"लॉजरला लॉजरच म्हणायचं."

नियम आपल्या बाजूने आहे, याचा वीणाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः फोन करून चूक दुरुस्त करवली. बाई म्हणाली, लॉजर असायला हरकत नाही. फक्त यापुढे चोरी झाली आणि दार-खिडकी फोडल्याची खूण नसली, तर पैसे मिळणार नाहीत. घरातल्याच कुणी काही उचललं, तर कंपनी जबाबदार नाही.

वीणाने फोन ठेवला तो खुशीतच. तिच्या आईच्या पाटल्या, गोठ, मोहनमाळ सगळं बेडरूमच्या कपाटात होतं. स्वराली चोर नाही, हे ती पुरतं जाणून होती. तिला चोर पकडायचा नव्हताच. नवऱ्याने एकदा, फक्त एकदा, दोघींतून आपल्याला निवडावं, एवढंच तिला हवं होतं.

जेवणानंतर स्वराली वर गेली, तेव्हा वीणाने शशींपुढे सगळं मांडलं. आवाज मुद्दाम काळजीचा लावला.

"आता घरात एक तर ती राहील, नाहीतर माझं सोनं. तुम्हीच ठरवा."

शशींनी क्षणभरही विचार केला नाही.

"मग सोनं लॉकरमध्ये ठेवू. इथे जवळ एजवेअरला मिळतात लॉकर, मंडळातल्या अरुणाने घेतलाय. तुझ्याही डोक्याला ताप नको."

सोन्याचं वीणाला काही वाटलं नाही. ते विचारात पडले असते, निदान एकदा जिन्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं असतं, तरी तिने स्वरालीला आनंदाने ठेवून घेतलं असतं.

"आणि माझं काय?" ती म्हणाली.

"तुझं काय? तूही चल ना. सही तुझीच लागेल," शशी म्हणाले, आणि उद्याच्या पोह्यांसाठी कांदे आहेत का ते बघायला उठले.